धावजी नायकांची राहून गेलेली साक्ष

मित्रांनो, डबा खाऊन झाला की तुम्ही रोज माझ्यावर चढता, माझ्या कठड्यावरून उड्या मारता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जुन्या लाकडाला तेवढीच करमणूक. पण काल तुम्ही या वऱ्हांड्यात कोर्ट-कोर्ट खेळत होता ना, ते ऐकून माझा जीव कासावीस झाला. सलोनी जज झाली होती. पेन चोरल्याचा आळ घेऊन तुम्ही आयुषला माझ्यात उभं केलं. तो बिचारा तोंड उघडणार तेवढ्यात सलोनी म्हणाली, "तू काई सांगूच नको. म्या सोता पायलं सकाळी!" झाली शिक्षा. दहा उठाबशा. आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

हसताय काय? सलोनीनं खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. पाहिलंही असेल तिनं. पण असंच "मी स्वतः पाहिलं" म्हणणाऱ्या एका चांगल्या माणसामुळं एका आईचं काय झालं, ते माझ्यासमोर घडलेलं आहे. आजवर मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो. फक्त मध्ये बोलू नका.

मी साक्षीदाराचा पिंजरा आहे, तुमच्या शाळेच्या या इमारतीत पूर्वी कोर्ट भरायचं तेव्हाचा. पिंजरा म्हणतात म्हणून दचकू नका. मला ना गज, ना कुलूप. तीन बाजूंनी कमरेइतका कठडा, चौथी बाजू उघडी आणि चढायला एक पायरी, एवढाच माझा संसार. माझं सागवान आर्णीच्या पलीकडच्या जंगलातलं. ज्या सुतारानं मला घडवलं तो मोठा विचारी गडी होता. कठड्याची वरची पट्टी त्यानं मुद्दाम रुंद ठेवली. म्हणाला, "मानूस इथं आला का घाबरते. हात ठेवाले जागा पाह्यजे त्याले." साठ वर्षांत त्या पट्टीवर इतके हात टेकले की तिचं पॉलिश गेलं आणि घामाची चकाकी आली. मला ती चकाकीच जास्त आवडते.

कोण कोण उभं राहिलं माझ्यात! कुणी चपला काढून चढायचं, कुणी आधी माझ्या पायरीला हात लावून नमस्कार करायचं. एकदा एका गड्याला शपथ दिली, "खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." त्यानं साहेबांना विचारलं, "पूरं सांगू का कामापुरतं?" सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले आणि म्हणाले, "पूरं सांग बाबा. कामापुरतं काय ते आम्ही बघतो." पण हसण्यासारखे दिवस थोडे. बहुतेक दिवस यायची ती हातात पदराचं टोक धरलेली माणसं. ती आपलं म्हणणं सांगायची, मग दुसऱ्या बाजूचा वकील उठून त्यांना उलटसुलट विचारायचा. त्याला उलटतपासणी म्हणतात. खोटं बोलणाऱ्याचा त्यात भुगा व्हायचा. खरं बोलणारा मात्र रडकुंडीला येऊनही तिथंच उभा असायचा. मला त्या कामाचा अभिमान होता, का खोटं बोलू?

फार पूर्वी इथं एक वयस्क साहेब होते. बाजाराच्या दिवशी त्यांनी याच इमारतीच्या खिडकीतून मारामारी पाहिली. कुणी कुणाच्या डोक्यात काठी घातली ते स्वच्छ दिसलं त्यांना. पुढं तो खटला त्यांच्याचकडे आला. त्यांनी तो चालवायला नकार दिला आणि दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवा म्हणून यवतमाळच्या जिल्हा कोर्टाला लिहून दिलं. एक वकील म्हणाले, "साहेब, आपण तर डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याइतका योग्य निकाल दुसरा कोण देणार?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "पाहणाऱ्याची जागा तिथं. मी इथं बसून माझीच साक्ष खरी मानली, तर मला उलट विचारणार कोण?" तेव्हा मी नवा होतो. मला वाटलं, काय हा म्हातारा, साधं काम अवघड करून ठेवतो. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे इंद्रजित साहेब आले. दिवाणी न्यायाधीश, वय जेमतेम तीस. मित्रांनो, त्यांच्याबद्दल वाईट ऐकायच्या तयारीत बसला असाल तर उठा. तसा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हाताऱ्या साक्षीदाराला ते बसायला स्टूल द्यायचे. इंग्रजीतला अर्ज पक्षकाराला मराठीत समजावून सांगायचे. वऱ्हांड्यात पाण्याचा माठ त्यांनीच ठेवायला लावला. आमच्या कोर्टाचा शिपाई उकंडा, जो दारात उभा राहून नावं पुकारायचा आणि सकाळी मला पुसायचा, तो पुसता पुसता म्हणायचा, "देवमानूस हाय गड्या साहेब. पन लय मनाले लावून घेते."

त्यांच्यापुढं सुखीबाईचा दावा आला.

सुखीबाई फुलसावंगीच्या बाजूला असलेल्या एका तांड्यातली. बंजारा बाई, साठी उलटलेली, विधवा. तिचं शेत आणि तिच्या पुतण्याचं, रामलालचं शेत एकमेकाला लागून. मधे धुरा, म्हणजे दोन शेतांची हद्द. त्या धुऱ्यालगतच्या एका अरुंद पट्टीवरून भांडण होतं. सरकारी नकाशात ती पट्टी रामलालच्या सर्व्हे नंबरात होती. पण सुखीबाईचा नवरा आणि रामलालचा बाप, दोघे सख्खे भाऊ, वेगळे झाले तेव्हा त्यांनी तोंडी ठरवून धुरा सरकवला होता. कागद केला नाही. भावाभावांत कसला कागद? तेव्हापासून पट्टी सुखीबाईकडेच होती. आता दोघे भाऊ गेले होते आणि रामलालनं मोजणी आणली होती.

एवढ्याशा पट्टीसाठी म्हातारी कोर्टाची पायरी का चढली? तिचा चार वर्षांचा पोरगा थावरा तापानं गेला होता आणि त्याला त्या पट्टीत, पळसाच्या झाडाखाली पुरलं होतं. तांड्यात लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वर एक पांढरा गोटा ठेवला होता. अडतीस वर्षं तिथं नांगर फिरला नव्हता.

ती माझ्यात उभी राहिली तेव्हा तिचे हात पट्टीवर नव्हते, तिनं ते छातीशी धरले होते. रामलालच्या वकिलांनी विचारलं, पट्टी तुमची असल्याचा काही कागद? ती म्हणाली, "कागद कायचा जी? मार छोरा हाय तिथं." मग तिला वाटलं, साहेबांना तिची बोली कळली नसेल, म्हणून पुन्हा म्हणाली, "माहा पोरगा हाय." इंद्रजित साहेबांची लेखणी थांबली. रामलाल समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. तोही काही राक्षस नव्हता. थावरा गेला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. त्याला वाटायचं, काकीचं मन तिथं आहे हे खरं, पण पुरलंय नेमकं कुठं हे कुणाला ठाऊक, आणि जमीन तर नकाशात आपलीच आहे.

सुखीबाईच्या वकील सत्यशीलाताई. हुशार बाई. त्यांना पक्कं माहीत होतं की एकट्या सुखीबाईच्या बोलण्यावर दावा टिकणार नाही. त्यांनी तांड्याच्या नायकांचं, म्हणजे प्रमुखांचं, नाव दिलं. धावजी नायक, वय चौऱ्याऐंशी. दोन्ही भावांनी धुरा सरकवला तेव्हा मधे उभे राहून दोरी त्यांनीच धरली होती. थावराला पुरलं तेव्हाही तेच होते. हे सगळं पाहिलेला तेवढाच माणूस आता जिवंत होता. पुढच्या तारखेला धावजींची साक्ष ठरली.

मधे एक रविवार आला, आणि त्या रविवारी इंद्रजित साहेबांनी चूक केली.

मी तिथं नव्हतो. सोमवारी उकंडानं मला पुसताना सांगितलं. तोही सोबत गेला होता. साहेबांनी त्याला म्हटलं, "उकंडा, तो तांडा तुझ्या गावाकडंच आहे ना? चल, बघून येऊ." मोटारसायकलवर दोघे गेले. उकंडानं विचारलं होतं, "साहेब, वकिलायले सांगाले नाई पाह्यजे का?" साहेब म्हणाले, "सांगितलं की दोन्हीकडचे वकील, गर्दी, फोटो. म्हातारी घाबरून बोलणारच नाही." मित्रांनो, न्यायाधीशाला जागा पाहायला जाता येतं बरं का. पण दोन्ही बाजूंना आधी कळवून, दोघांच्या देखत, आणि काय पाहिलं ते लगेच लिहून ठेवून. साहेबांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांच्यातल्या न्यायाधीशाला त्यांच्यातल्या भल्या माणसानं घरी ठेवलं.

सुखीबाईनं त्यांना घरी बसवलं, पाणी दिलं. मग धुऱ्यावर नेलं. पळस पाहिला, गोटा पाहिला. ती रडली. साहेबांनी पायातले बूट काढून हात जोडले आणि परत आले. "म्या साहेबाच्या डोयात पानी पायलं," उकंडा म्हणाला आणि माझा कठडा पुन्हा एकदा उगाचच पुसला.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ही चूक सुखीबाईच करू शकत होती. तांड्याचा न्याय वेगळा असतो. तिथं नायक स्वतः घरी येतो, पाणी पितो, जागा पाहतो आणि निवाडा करतो. नायकानं एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुसऱ्याची साक्ष काढणं म्हणजे नायकावर अविश्वास. त्याचा अपमान. आणि नायक येऊन गेला हे निवाड्याआधी चारचौघांत बोलायचंही नसतं. सुखीबाईनं जन्मभर हेच पाहिलेलं. तिच्या लेखी साहेब आता नायक झाले होते.

तारखेच्या दिवशी धावजी नायक आले. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. दोन माणसांनी धरून त्यांना एसटीतून उतरवलं होतं. ते दारापर्यंत आले. मला आनंद झाला. म्हटलं, या नायक, तुमच्यासाठीच उभा आहे. तेवढ्यात सुखीबाई त्यांना सामोरी गेली.

"नायक, तुमी घरी जा जी. आता गरज नाई."

"काहून वं? वकीलबाईनं त बलावलं होतं."

तिनं आवाज खाली केला. "साहेब येऊन गेला. पानी पेला, डोयानं पायलं."

धावजींनी वर खुर्चीवर बसलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि मान डोलावली. "मंग कायची साक्ष, बेटा? त्यानं पायलं त झालं." आणि ते वळले. माझ्यापासून पंधरा पावलांवरून वळले, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं.

सत्यशीलाताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या धावत आल्या. "आजी, डोकं फिरलं का तुमचं? नायकांची साक्ष हाच आपला सगळा जीव आहे." सुखीबाई हसली नुसती. "नाई बाई. गरज नाई." पाऊण तास वाद झाला. म्हातारी हटली नाही. शेवटी सत्यशीलाताईंनी "वादीला आणखी पुरावा द्यायचा नाही" असा कागद लिहिला आणि सही करताना म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

साहेबांनी कागद वाचला. विचारलं, "धावजी नायकांची साक्ष नको?"

"नको, साहेब. वादीच नाही म्हणते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा. मला वाटलं, आता विचारतील, आता म्हणतील की बोलवा त्यांना. एसटी स्टँडवरच असतील, म्हातारा माणूस जाणार कुठं? पण त्यांनी मान हलवली आणि पुढची तारीख दिली. का विचारलं नाही? मला विचाराल तर त्यांनाही वाटलं, मी पाहिलं आहे ना. म्हातारीची आणि साहेबांची चूक एकच होती. पण म्हातारीला कुणी शिकवलं नव्हतं आणि साहेब शिकलेले होते.

निकाल सुखीबाईच्या बाजूनं लागला. रामलालनं पट्टीत पाऊल टाकू नये, असा मनाई हुकूम. म्हातारी जमिनीवर डोकं टेकवून रडली. उकंडाचेही डोळे भरले. फक्त सत्यशीलाताई निकालाचा कागद वाचता वाचता मटकन बाकावर बसल्या. साहेब प्रामाणिक माणूस. लपवणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, "मी स्वतः जागेवर जाऊन पाहिले आहे. पळसाचे झाड व दगड तेथे आहे. वादी खरे बोलत आहे." सत्यशीलाताईंनी डोक्याला हात लावला. जिंकलेल्या वकिलाला मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

रामलालनं यवतमाळला अपील केलं. ते चालायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात पावसाळ्यात धावजी नायक वारले. आणि मग अपिलाचा निकाल आला: न्यायाधीश स्वतःच साक्षीदार झाले, दुसऱ्या बाजूला कळवलं नाही, म्हणून निकाल रद्द. दावा दुसऱ्या न्यायाधीशापुढं पुन्हा चालवा. वरच्या कोर्टाचं काही चुकलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर.

सुखीबाईला ते कसं कळावं? याच वऱ्हांड्यात ती सत्यशीलाताईंना विचारत होती, "साहेबानं खोटं पायलं का वं बाई?"

"खोटं नाई पायलं, आजी," सत्यशीलाताई तिच्याच बोलीत म्हणाल्या, "एकट्यानं पायलं. आमदार तुमच्या घरी येऊन पानी पिऊन गेला त चालते. कलेक्टर आला त चालते, त्याचं कामच हाय ते. आमदार वाईट निंगाला त लोक पाच वर्षानं त्याले घरी पाठवते. जजसाहेबाले मत देऊन कोनी बसवत नाई आन कोनी मत देऊन उठवतही नाई. मंग त्यायच्यावर वचक कायचा? हाच, का जे आयकायचं ते सगळ्यायच्या समोर आयकायचं. रामलालच्याही समोर."

सुखीबाईनं विचार केला. मग म्हणाली, "मंग रामलालले बलवाचं होतं ना बापा. थो त मुकाट्यानं आला असता."

निकाल रद्द झाला तशी मनाईही उठली. उन्हाळ्यात रामलालनं ट्रॅक्टर लावला. तो स्वतः तिथं नव्हताही. ट्रॅक्टरवाल्यानं पळस मुळासकट काढला, शेतातले सगळे गोटे वेचून नाल्यात लोटले आणि जमीन सपाट करून दिली. शेतात गोटे काय कमी असतात? त्याला काय माहीत कोणता गोटा कुणाचा.

पुन्हा दावा उभा राहिला तो निकिता मॅडमपुढं. बदलीवर आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही बाजूंना कळवून जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर पाठवला. त्यानं लिहून आणलं: सपाट शेत, कपाशी, बाकी काही नाही. सत्यशीलाताईंकडे एकच साक्षीदार उरला होता. त्यांनी वरून परवानगी काढून इंद्रजित साहेबांना साक्षीला बोलावलं. साहेबांची तोवर दूर बदली झाली होती. ते आले, रजा टाकून, साध्या शर्टात.

त्या दिवशी ते माझी पायरी चढले. चार वर्षं ज्यांना मी वर खुर्चीत पाहिलं, त्यांचे हात माझ्या पट्टीवर टेकले. त्यांनी शपथ घेतली आणि जे पाहिलं ते सांगितलं. मग रामलालचे वकील उठले. ते अगदी अदबीनं बोलत होते.

"साहेब, मुलाला पुरलं तेव्हा आपण हजर होता?"

"नाही. माझा जन्म त्यानंतरचा."

"ती पट्टी इतकी वर्षं कुणाच्या ताब्यात होती, हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"सुखीबाईंनी."

"आणखी कुणी?"

"नाही."

"रामलालला आपण विचारलंत?"

"नाही."

"मग साहेब, आपण नेमकं काय पाहिलंत?"

साहेबांनी सुखीबाईकडे पाहिलं. "एक पळस," ते म्हणाले. "एक गोटा. आणि एक रडणारी आई."

वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचंच नव्हतं. मलाही तेव्हाच सगळं उमगलं. साहेबांनी जे "पाहिलं" होतं त्याला वर खुर्चीत बसून केवढं वजन आलं होतं! तेच खाली माझ्यात आणून चार प्रश्न विचारले, तर हातात काहीच राहिलं नाही. आणि ज्या म्हाताऱ्याच्या बोलण्याला खरोखर वजन होतं, ज्यानं दोरी धरली होती, ज्यानं त्या लेकरावर माती टाकली होती, तो माझ्या दारातून परत गेला होता. हजार प्रश्न विचारले असते तरी धावजी हलले नसते.

साहेब खाली उतरले तेव्हा सुखीबाई पायरीजवळ उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमी कायले आलते जी घरी? तुमी आले नसते त म्या नायकाले बोलू देलं असतं."

साहेबांनी तिचे पाय धरले. सगळ्या कोर्टासमोर. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आईनं ठेवावा तसा.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या त्या खुर्चीवर बसेल. बसाच. समोर कुणी रडलं तर तुम्हाला दया येईल. येऊ द्या, दया न येणारा जज काय कामाचा? पण दया आली म्हणून दोन्ही बाजूंच्या मधली जागा सोडून एकीकडे धावू नका. तुमच्या हाती लोकांची घरं, शेतं, लेकरं असतात, आणि तुम्हाला कुणी निवडून दिलेलं नसतं. तुमच्याजवळ फक्त दोन कान असतात आणि दोन्ही बाजूंचं ऐकून लिहिलेलं कारण असतं. तेवढंच नीट सांभाळा. आणि खुर्चीवर बसणार नसाल, तर ज्याला जे ठाऊक आहे त्यानं येऊन सांगावं. दुसऱ्या कुणी पाहिलंय म्हणून घरी जाऊ नये. मला रंग नको, पॉलिश नको. एवढं ऐका म्हणजे झालं.

निकालाचा दिवस सांगतो आणि थांबतो. निकिता मॅडमनी वाचलं: वादीला ताबा सिद्ध करता आला नाही, दावा खारीज. सुखीबाई बाहेर येऊन या वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली. मागून रामलाल आला. जिंकलेला माणूस, पण चेहरा पडलेला.

"काकी, राग नको धरू वं. शेत माह्या नावावर असलं तरी थावरा माहाही भाऊच होता. तू केव्हाही ये. फूल ठेव, दिवा लाव. मी कधी नाई म्हननार नाई."

"कुठी येऊ बापू?"

"धुऱ्यावर ये ना."

"कुठी हाय धुरा? पळस नाई, गोटा नाई. म्या परवा गेलती. कपाशी कमरेइतकी झाली. कपाशीच्या एकेका तासात, ओळीओळीत, वाकून वाकून पायलं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "माहं लेकरू कोनत्या तासाखाली हाय, आता मलेच सांगता येत नाई रे."

रामलाल तिच्या शेजारी खाली बसला, आणि दोघंही फुलसावंगीच्या गाडीची वाट पाहत राहिले.